तिसऱ्या फेरीतला भंडारा

रविवारी सकाळी साडेदहाला सुकन्याने सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याला सांगितलं, "चार वाजता रिटर्नवाला येनार हाय. तवर तुमचं काय शिद्द करायचं त्ये करा. न्हाय झालं तर मशीन त्याच्या हातात."

जोतिरामने मान हलवली, पण त्याची नजर मशीनवरच होती. करड्या रंगाचा, बिनवायरीचा, एकोणतीस हजारांचा व्हॅक्यूम क्लीनर भिंतीवरच्या स्टँडला लटकत होता. आल्यापासून दहा दिवसांत परत करता येत होता आणि आज दहावा दिवस होता. गेले नऊ दिवस जोतिराम कामावरून आला की चपला काढायच्या आधी त्याच्याकडे बघायचा. बायकोच्या हे लक्षात आलेलं होतं, आणि रिटर्न टाकण्यामागे तेही एक कारण असावं.

जोतिरामची बाजूही समजून घ्यायला हवी. तो टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की त्याच्या पोटात शिरणारा माणूस. बारा वर्षं कापसाचे तंतू त्याच्या भुवयांत, कानांत आणि जेवणाच्या डब्यात राहत होते. जगात निदान एक खोली अशी असावी जिथे हवेत काहीही तरंगत नाही, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याने आठ महिने फोनवर व्हिडिओ पाहिले होते. किलोपास्कल, सायक्लोन, हेपा फिल्टर हे शब्द तो जेवतानासुद्धा काढायचा. सुकन्या तेव्हा आमटी वाढत राहायची.

सगळं सुरळीत झालंही असतं, पण मध्ये साडू आला. सुकन्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा बिरप्पा एसटीत कंडक्टर होता आणि त्यालाही हाच नाद होता. फरक इतकाच की त्याने तीन हजारांचं लाल मशीन घेतलं होतं आणि ते जगात सर्वोत्तम असल्याची त्याची खात्री होती. "ओढायचंच हाय ना साडू? मग तीन हजारानं वढलं काय आन् तीस हजारानं वढलं काय. धूळ थोडीच तिकीट बघती," असं तो फोनवर म्हणाला. सुकन्याने ते ऐकलं आणि तिथेच निकाल दिला. रविवारी दोन्ही मशीनं समोरासमोर. तीन फेऱ्या. महागडं जिंकलं तर राहील, नाहीतर जाईल.

अकरा वाजता बिरप्पा मशीन खांद्यावर घेऊन आला. पंच म्हणून शेजारच्या सुंदरम्मा आल्या. सुंदरम्मांचा घरगुती शेंगाचटणीचा धंदा होता, आणि त्यांच्या डिजिटल काट्यावर कॉलनीचा देवावर नसेल इतका विश्वास होता. त्यांनी काटा जमिनीवर ठेवला, शून्य केला आणि सगळ्यांना दाखवला. "कुनी हात लावायचा न्हाई ओ. डबा आधी मोजनार, मंग परत मोजनार. जे वाढलं ते खाल्लं."

पहिली फेरी तंतूंची होती. जोतिरामने कारखान्यातून पिशवीभर आणले होते. खडूने हॉलचे दोन भाग केले आणि दोन्हीकडे वीस वीस ग्रॅम तंतू पसरले. जोतिरामने बटण दाबलं. मशीन गुणगुणत पुढे गेलं आणि मागे काळी फरशी उरली. नऊ सेकंद लागले. बिरप्पाच्या मशीनने मात्र मोठ्याने आवाज केला, अर्धे तंतू घेतले आणि गप्प झालं. बिरप्पाने पाइप काढून आत बोट घातलं, आणि हातभर लांब कापसाची दोरी बाहेर ओढली.

"माग लावला का काय आत?" सुकन्याने विचारलं.

"नवं हाय, अक्का. घसा साफ करतंय," बिरप्पा म्हणाला.

एक शून्य. जोतिरामच्या कानाच्या पाळ्या आनंदाने लाल झाल्या. त्याने नोझल किती अंशांत वळतं ते सुंदरम्मांना दोनदा वळवून दाखवलं.

दुसरी फेरी चादरीवर होती. घरातली जुनी सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर कडक भाकरीचा चुरा आणि सुंदरम्मांकडची करपलेली शेंगाचटणी टाकली. बिरप्पाच्या मशीनने या वेळी कुरकुर केली नाही. त्याचं साधं तोंड चादरीवरून एकदा इकडे, एकदा तिकडे गेलं आणि भाकरी दिसेनाशी झाली. मग जोतिराम पुढे आला. "ह्याला सेन्सर हाय," त्याने सांगितलं. "खाली काय हाय त्ये त्याचं त्याला कळतंय." मशीनने चादर ओळखली, जोर वाढवला, भाकरी खाल्ली, चटणी खाल्ली आणि तसंच पुढे जाऊन चादरीच्या दशा खायला लागलं. फिरत्या ब्रशला दशा गुंडाळल्या गेल्या, त्यांच्यामागून चादर आली, आणि जोतिराम हँडल सोडत नव्हता म्हणून चादरीमागून तोही ओढला गेला. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि मशीन बंद पडलं.

"काय लिवलंय?" बिरप्पाने वाकून विचारलं.

"ब्रश अडकला म्हनतंय," जोतिराम चादरीतून म्हणाला.

"आमच्याला ब्रशच न्हाय. अडकनार काय?"

सुकन्याने कात्री आणून दशा कापल्या. एक एक झालं होतं. घड्याळात साडेबारा वाजले होते.

तिसरी फेरी बारीक भुकटीची ठरली होती. खऱ्या मशीनची परीक्षा भुकटीतच होते, हे दोन्ही साडवांना मान्य होतं. जोतिरामने गव्हाचं पीठ मागितलं. "अन्न जिमिनीवर सांडायचं न्हाय," सुकन्याने सांगितलं. बिरप्पाने पावडरचा डबा उलटा केला, त्यातून दोन शिंका येतील एवढीच पावडर निघाली. रांगोळी संपलेली होती. सगळे आता काय करावं म्हणून उभे असतानाच दाराशी चपला वाजल्या आणि जोतिरामची आई मायाक्का आत आली.

मायाक्का गावाकडे, सांगोल्याच्या बाजूला, थोरल्या मुलाकडे राहायची. बिरोबाची यात्रा करून ती थेट एसटीने आली होती. कपाळ पिवळं, पदर पिवळा, आणि खांद्याला भंडाऱ्याची पिशवी. तिने हॉलकडे पाहिलं. मध्ये खडूची रेघ, एका बाजूला कातरलेली चादर, दुसऱ्या बाजूला काटा घेऊन बसलेल्या सुंदरम्मा, आणि दोन माणसं हातात दोन यंत्रं घेऊन उभी.

"ह्ये काय रं जोत्या?"

"केर वढायचं मशीन, आये. ह्ये माजं, त्ये बिरप्पाचं."

"कवा घेतलं?"

"धा दिस झालं."

"देवाला दावलं?"

जोतिरामने सुकन्याकडे पाहिलं, सुकन्याने छताकडे. मायाक्काच्या घरात नवं कोकरू येवो, सायकल येवो की पंखा, भंडारा पडल्याशिवाय ते कामाला लागत नसे. मागच्या वर्षी तिने मिक्सरवरही टाकला होता आणि आठवडाभर चटणी पिवळी येत होती.

"धा दिस झालं आन् तसंच चालीवताय. मंग अडकनार न्हाय तर काय," ती म्हणाली. तिला चादरीचं कुणीही सांगितलेलं नव्हतं, पण तिच्या या वाक्यावर बिरप्पाने मान डोलावली. मायाक्काने पिशवीत हात घातला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," म्हणून तिने एक मूठ महागड्या मशीनवर टाकली, एक स्वस्तावर, आणि यात्रेची सवय हातात होती म्हणून आणखी चार हवेत उधळल्या. फरशी, सोफा, काटा आणि सुंदरम्मांचा अंबाडा, सगळं पिवळं झालं. मग ती समाधानाने पाय धुवायला आत गेली आणि सुकन्या चहा टाकायला तिच्यामागे गेली.

जोतिराम फरशीकडे बघत होता. खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, अगदी सारखी, मैद्याहून बारीक भुकटी पसरली होती.

"साडू," बिरप्पा हळूच म्हणाला, "ह्यापरीस बारीक कुटं मिळनार?"

"देवाचा हाय की त्यो."

"अंगावरचा देवाचा. जिमिनीवरचा कुनीतरी झाडनारच की."

दोघांनी सुंदरम्मांकडे पाहिलं. सुंदरम्मांनी काटा पदराने पुसला. "मी फक्त वजन करते ओ. देवाचं तुमी बघा."

आधी बिरप्पाने सुरुवात केली. लाल मशीनने तोंडाने भंडारा जोरात आत घेतला आणि तितक्याच जोरात पाठीमागच्या जाळीतून बाहेर सोडला. बिरप्पाचं लक्ष पुढे होतं, त्यामुळे त्याला हे कळलंच नाही. तो मन लावून आपल्या भागात फिरत होता आणि त्याच्यामागे पिवळा ढग फिरत होता. सुंदरम्मा खोकल्या. जोतिराम खोकला. बिरप्पा वळला तेव्हा त्याला दोन पिवळी माणसं दिसली, आणि त्याने मशीन बंद केलं.

आता जोतिरामची पाळी होती. त्याने श्वास रोखला आणि बटण दाबलं. मशीनने भंडारा ओळखला, आवाज एक पट्टी वर नेला आणि सरळ रेषेत गेलं. मागे फरशी अशी चमकली की त्यात पंखा दिसला. ना ढग, ना वास. पारदर्शक डब्यात पिवळं चक्र गरगर फिरत होतं. जोतिरामचे डोळे भरून आले. व्हिडिओत पाहिलेलं सगळं खरं होतं.

सुंदरम्मांनी डबे मोजले. "ह्यानं अडतीस ग्रॅम. त्यानं चार. बाकीचा आपल्या अंगावर."

सुकन्या चहा घेऊन बाहेर आली आणि तीन पिवळी माणसं बघून थबकली. जोतिरामने बिरप्पाला मिठी मारली होती आणि बिरप्पा हरूनही हसत होता, कारण इतकं चांगलं सक्शन त्यानेही प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. सुकन्याने काट्यावरचा आकडा वाचला. बाई शब्दाची पक्की होती. "ठरलं म्हंजे ठरलं," ती म्हणाली. "राहू दे मशीन."

त्या वेळी जोतिरामइतका सुखी माणूस सोलापुरात दुसरा नसेल. हे सुख अंदाजे दीड मिनिट टिकलं.

मायाक्का तोंड पुसत बाहेर आली. "माजा भंडारा कुटं गेला?"

सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं. मायाक्का जवळ गेली, डब्याला नाक लावून आत बघितलं. आत भंडारा होता, कापूस होता, भाकरी होती आणि एक लांब केस होता. सगळे तिच्या ओरडण्याची वाट बघत राहिले. पण ती ओरडली नाही. तिने मशीनला हात जोडले.

"भंडारा पोटात गेला. आता ह्ये देवाचं झालं," मायाक्का म्हणाली. "ह्यानं केर खायाचा न्हाय."

"आये, त्येचं कामच केर खायचं हाय."

"हुतं. देवाला सोडल्याला मेंढा कुनी मोटंला जुपतंय का?"

"मी डबा धुतो की. वाहत्या पान्यात सोडतो सगळं."

"सोड. पर त्ये आतलं काय करशील?"

आतला फिल्टर पिवळाधमक झाला होता. बिरप्पाने फोनवर माहितीपुस्तिका काढली आणि मोठ्याने वाचली. फिल्टर नळाखाली धुवावा आणि रात्रभर वाळवावा. त्यांनी तो बादलीवर धरून पुन्हा पुन्हा धुतला. पाणी स्वच्छ येऊ लागलं, फिल्टर पिवळाच राहिला. शेवटी हळद ती.

"आन् माज्या मशीनचं काय, मावशी?" बिरप्पाने घाबरत विचारलं. "त्यानं बी खाल्ला की थोडा."

मायाक्काने लाल मशीनकडे प्रेमाने पाहिलं. "त्यानं गिळला न्हाय, पावनं, उधळला. त्यो भगत हाय. पुडच्या यात्रंला घिऊन या त्याला."

हरलेला बिरप्पा लाल मशीन खांद्यावर घेऊन छाती पुढे काढून घरी गेला. इकडे सुकन्याचा हिशोब सरळ होता. जे केर काढणार नाही ते घरात कशाला? शब्द दिला होता तो केर काढणाऱ्या मशीनसाठी. "चारला त्यो येतोय. दिऊन टाकू," ती म्हणाली. जोतिराम मशीनशेजारी जमिनीवर बसून राहिला. जेवायलाही उठला नाही.

बरोबर चार वाजता मल्लिनाथ आला. मूळचा दुधनीचा, चाळिशीचा शांत गडी, पाठीवर मोठी पिशवी. त्याने फोन काढला. "रिटर्न हाय न्हवं? मशीन दाखवा. कारन सांगा. तुटलंय का, चुकीचं आलंय का, आवडलं न्हाय?"

"देवाचं झालंय," सुकन्या म्हणाली.

मल्लिनाथने यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. "आसं न्हाय ह्यात."

"मग आवडलं न्हाय असं लिवा."

"मला आवडलंय," जोतिराम कोपऱ्यातून म्हणाला.

मल्लिनाथने फोटो काढला. फोन थोडा वेळ विचार करत राहिला आणि मग त्याने लाल फुली दाखवली. "वस्तू जुळत न्हाय म्हनतंय. तुमी मागवलेलं करडं हाय. ह्ये पिवळं." सुकन्याने ओल्या फडक्याने मशीन पुसलं. करडं व्हायच्या ऐवजी ते लिंबाच्या रंगाचं झालं. पुन्हा फोटो, पुन्हा फुली. एवढ्यात मायाक्काने आलेल्या पाहुण्याच्या कपाळाला रीतसर भंडारा लावला आणि ह्या मशीनने काय केलंय ते त्याला सांगितलं. मल्लिनाथने फोन खिशात ठेवला, चपला काढल्या आणि मशीनच्या पाया पडला. नक्की पाय कुठले, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"ॲप न्हाय म्हनतंय त्ये एक असू द्या," तो सुकन्याला म्हणाला, "पर ॲप व्हय म्हनलं असतं तरी मी न्हेलं नसतं, ताई. गाडीत सामानावर पाय पडतात. देवाचं कसं टाकू तितं?" आणि तो चहा पिऊन गेला.

सुकन्या मटकन सोफ्यावर बसली. "आता ह्याचं करायचं काय, आत्या? धूप घालायचा?"

मायाक्काने बराच विचार केला. मुलाचं तोंड तिला बघवत नव्हतं. दुपारपासून तो न जेवता मशीनच्या शेजारी बसला होता, आणि कितीही झालं तरी तो तिचा धाकटा होता. "चालवा की," ती अखेर म्हणाली. "देव काय बांधून ठिवा म्हनत न्हाय. रोज फिरवा घरातनं. फकस्त त्येच्या तोंडात केर जाता कामा न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे आदी सगळं झाडून घ्यायचं, पुसून घ्यायचं. मंग त्येला फिरवायचं."

"आन् त्ये आदी झाडायचं कुनी?" सुकन्याने विचारलं.

"ज्यानं भंडारा चारला त्यानं," मायाक्का म्हणाली, आणि महिनाभर राहायचं ठरवून तिने पिशवी खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवसापासून जोतिराम पहाटे पाचला उठू लागला. आधी तो केरसुणीने हॉल झाडायचा, मग दोन्ही खोल्या, मग स्वयंपाकघर. मायाक्का पाय पसरून चहा पीत बसायची आणि कप न हलवता नजरेने जागा दाखवायची. कपाटाखाली. पंख्याची पाती. दाराच्या फटी. फ्रीजमागे हात जात नव्हता म्हणून त्याने गजाला फडकं बांधलं. सुकन्या या काळात झोपलेली असायची, लग्नानंतर बारा वर्षांत पहिल्यांदाच. सगळं पुसून वाळलं की जोतिराम हात धुऊन मशीन उतरवायचा आणि घरभर फिरवायचा. मशीन प्रत्येक खोलीत सेन्सर लावून शोधायचं, काही सापडायचं नाही, आणि सबंध घर पालथं घालून डबा रिकामा घेऊन स्टँडवर परत जायचं.

आठव्या दिवशी त्याने मशीन बंद केलं तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं. उन्हाचा पट्टा फरशीपर्यंत तिरका आला होता आणि त्यात काहीही तरंगत नव्हतं. एक तंतू नाही, एक कण नाही. जोतिराम तिथेच उभा राहिला. त्याचे गुडघे दुखत होते, तळहाताला केरसुणीचे घट्टे पडले होते, आणि तो फार फार खूश होता.

पुढच्या रविवारी बिरप्पा आला. मायाक्काने मशीन चालवायला परवानगी दिली, एवढंच त्याला बायकोकडून कळलं होतं. त्याने खिशातून पांढरा रुमाल काढला, गुडघ्यावर बसून सोफ्याखाली फिरवला, मग कपाटाखाली, मग फ्रीजमागे. रुमाल पांढराच राहिला. त्याने तो उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

"साडू, मी हरलो," तो म्हणाला. "फ्रीजच्या मागनं? एवढं सक्शन? मी उद्याच मागवतो हेच."

"लई चांगलं मशीन हाय, दाजी," सुकन्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, तिथूनच म्हणाली. "आल्यापास्नं मी केरसुनीला हात लावला न्हाय."

"कुटल्या मोडवर चालवता?" बिरप्पाने जोतिरामला विचारलं.

जोतिरामने दोन्ही तळहात पाठीमागे घेतले. उत्तर मायाक्काने दिलं. "पहाटं पाचला."

बिरप्पाने शर्टाच्या खिशातलं पेन काढून तळहातावर लिहून घेतलं. "तवा व्होल्टेज चांगलं असतं म्हना की."

या मशीनबद्दल जोतिराम एरवी तासभर बोलू शकायचा. "व्हय," एवढंच तो म्हणाला.